सातला निवांत, नऊला उधळलेला: पॅरामोटर आणि बदलता वारा

जानेवारीत मावळातल्या कुठल्याही देवळाचा झेंडा बघा. सकाळी सात वाजता तो काठीला चिकटून झोपलेला असतो. पावणेनऊला टोक हलायला लागतं, आणि सव्वानऊला त्याची फडफड रस्त्यावरून ऐकू येते. मधल्या दोन तासांत आभाळात एक ढगही आलेला नसतो. कामशेतच्या आसपास पॅरामोटर उडवणारे नवखे पहिल्यांदा खरे घाबरतात ते बहुधा या सव्वानऊच्या वाऱ्यात, कारण उडायचं की नाही हे त्यांनी सातच्या वाऱ्यावर ठरवलेलं असतं.

प्रशिक्षकाकडे रीतसर कोर्स झालाय आणि दहा ते पन्नास उड्डाणं पदरी आहेत, अशांसाठी हे लिहितोय. कोर्स झाला नसेल तर हे वाचून विंग उचलायला जाऊ नका. पाठीवर वीस ते पस्तीस किलोचं टू-स्ट्रोक इंजिन, डोक्यावर कापडाची विंग, आणि या सगळ्याचा हवेतला वेग ताशी ३५ ते ५० किलोमीटर. गावातली बुलेटसुद्धा याहून जोरात जाते. समोरून २५ चा वारा आला की आपल्या वेगातला अर्धा किंवा त्याहून जास्त हिस्सा तिथेच खर्ची पडतो. म्हणून वारा किती आहे हे विचारून थांबू नका. तो गेल्या अर्ध्या तासात किती बदलला, हेही विचारा.

आदल्या रात्री

फोनवरच्या विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये जमिनीवरचा वारा सगळेच बघतात. त्याच्याशेजारी झोतांचा वेगळा आकडा असतो, तोही बघा. सरासरी १० आणि झोत २४ असं दिसलं तर झोपून राहिलेलं बरं. एकक तपासून घ्या. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर आणि सेकंदाला एक मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. ‘फक्त सहा आहे’ म्हणत आलेला माणूस मी पाहिलाय. त्याचे सहा मीटर होते, म्हणजे जवळजवळ बावीस किलोमीटर.

मग उंचीवरचा वारा बघा. इथे आपल्याकडच्या लोकांची एक ठरलेली चूक होते. अ‍ॅपमध्ये उंची हवेच्या दाबाने, हेक्टोपास्कलमध्ये सांगतात: आकडा कमी तितकं वर. परदेशी व्हिडिओत ९५० हेक्टोपास्कलचा थर बघायला सांगतात. हा थर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असतो. पुणे आणि मावळचा सपाट भाग स्वतःच तेवढ्या उंचीवर आहे, त्यामुळे तो आकडा आपल्या पायाखालच्या मातीतला! आपल्याला ९०० चा थर हवा, जो साधारण एक हजार मीटरवर, म्हणजे मैदानापासून चारेकशे मीटर वर येतो. त्याच्यावर काय चाललंय ते ८५० चा थर सांगतो. अलिबागला उडायचं असेल तर मात्र ९५० बघणं बरोबर.

९०० च्या थरात २५ च्या वर वारा असेल आणि जमिनीवर शून्य, तर ही शांतता उसनी आहे असं समजा. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन गार पडते आणि तिला चिकटलेली हवाही गार, जड होऊन बसते. वरचा वारा त्या गार थरावरून घसरत जातो, खाली पोचत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, खालची हवा वर उठायला लागते, झाकण फुटतं आणि वरचा तो २५ चा वारा हप्त्याहप्त्याने खाली येतो. सव्वानऊच्या झेंड्याचं गुपित एवढंच.

अ‍ॅपवर आंधळा विश्वास मात्र नको. जगभरच्या हवामान मॉडेलचा एक चौकोन नऊ ते पंचवीस किलोमीटरचा असतो. लोहगड, विसापूर, तिकोना, पवनेचं पाणी हे सगळं त्यात एका सपाट ठोकळ्यात बसतं. डोंगराच्या खिंडीतून वारा कसा पिळून निघतो, ते त्या ठोकळ्याला कळत नाही. भारतीय हवामान विभागाचा इशारा मात्र नक्की वाचा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

परवानगीचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात पॅरामोटरिंगचा समावेश आहे, आणि लोहगावला हवाई दलाचा तळ असल्याने पुण्याभोवतीची हवा मोकळं रान नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी पॅराग्लायडर आणि ड्रोनवर बंदीचे आदेश काढतात. आपण उडतो त्या जागेबद्दल स्थानिक क्लबकडून आणि पोलीस ठाण्यातून आधी खात्री करून घ्या.

शेवटचं काम म्हणजे आपले आकडे कागदावर लिहिणं. माझे असे: जमिनीवर १५ पेक्षा जास्त नाही, कमाल आणि किमान यांत ८ पेक्षा जास्त फरक नाही, ९०० च्या थरात २५ पेक्षा जास्त नाही, दिशा ४५ अंशांपेक्षा जास्त डुलत असेल तर नाही. तुमचे यापेक्षा कमी असोत. मैदानावर चार मित्र विंगा पसरून उभे असले की डोकं सवलत द्यायला लागतं, म्हणून हे घरीच ठरवायचं.

मैदानावर वीस मिनिटं

गाडीतून काहीही उतरवू नका. एकदा सामान उतरलं की माणूस उडण्याच्या बाजूने वकिली सुरू करतो.

सर्व्हेवाल्यांची रंगीत प्लास्टिकची फीत मिळते. तिचे हातभर तुकडे काठ्यांना बांधून मैदानाच्या तीन कोपऱ्यांत रोवा. तिन्ही एका दिशेला हलक्या उडतायत, तर छान. तिन्ही लोंबतायत, तरी छान. तीन फिती तीन दिशांना असतील, तर एकतर जमिनीतून गरम हवेचे फुगे सुटायला लागलेत किंवा झाडांमागचा भोवरा मैदानात लोळतोय. दोन्हींचं उत्तर एकच, थांबा.

वारामापक डोक्याच्या वर धरून पाच मिनिटं नुसतं बघत राहा. सरासरी लिहू नका, सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा लिहा. दहा मिनिटांनी पुन्हा. पहिल्यांदा ३ ते ६ आणि दुसऱ्यांदा ४ ते ११ आलं, तर ११ अजून मर्यादेत आहे म्हणून खूश होऊ नका, कारण दहा मिनिटांत कमाल जवळजवळ दुप्पट झाली. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. १० चा वारा १४ झाला की विंगची ओढ दुप्पट, २० झाला की चौपट. कागदावर चार किलोमीटरचा फरक किरकोळ दिसतो, कमरेला बांधलेल्या हार्नेसमध्ये दिसत नाही.

मग धूर शोधा. मावळात सकाळी कुठे ना कुठे पाचोळा पेटलेला असतो, वीटभट्टी असते, चूल असते. हा धूर आपल्याला फुकटात मिळालेलं यंत्र आहे. काही सकाळी तो सरळ वर जातो आणि शंभरेक मीटरवर जणू छताला टेकून आडवा पसरतो. ते छत म्हणजेच गार हवेचं झाकण. टेकल्यावर तो नुसता पसरला तर वरही शांत आहे. पण टेकल्याबरोबर एका बाजूला ताणून फाटत गेला, तर वर वारा पळतोय, आणि तासाभरात तो तुमच्या मैदानात येणार. शेतकरी उफणणीला उभा राहण्याआधी मूठभर भुसा वर टाकून बघतो, त्यातलंच हे.

शेवटी मैदानाभोवती चालत एक फेरी. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत त्याच्या मागची हवा खराब धरा. आठ मीटरची निलगिरीची रांग असेल तर तिच्यामागचे ऐंशी मीटर गेले. दीडशे मीटरची टेकडी असेल तर दीड किलोमीटर. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब मोजून ठेवा. विहिरी कुठे आहेत, गुलाबाची पॉलीहाऊसं कुठे आहेत ते बघा. आणि शेततळी. प्लास्टिकच्या कागदाने मढवलेल्या शेततळ्यात पडलेल्या माणसाला रिकाम्या हाताने वर येणं अवघड जातं, पाठीवर इंजिन घेऊन तर विचारूच नका. वारा फिरला तर त्या दिशेने कुठे उतरायचं, अशी निदान दोन शेतं या फेरीतच नक्की करा.

विंग उचलताना

वारा जवळजवळ नसेल तर पुढे तोंड करून धावत, आणि आठ-दहाच्या वर असेल तर विंगकडे तोंड करून. एवढं सगळ्यांना येतं. अडचण मधल्या हवेची असते, जेव्हा तो क्षणात ४ आणि क्षणात १२ असतो. अशा वेळी मी विंगकडे तोंड करूनच उचलतो, कारण निदान ती काय करतेय ते दिसतं. विंग वाऱ्याच्या सरासरी दिशेला मांडा, शेवटच्या झुळकेच्या दिशेला नव्हे.

झोत येतोय असं वाटलं की बहुतेक जण घाईने विंग उचलतात. वारा मिळाला ना! पण चढत्या झोतात ती डोक्यावर येईपर्यंत जोर दुप्पट झालेला असतो. झोत जाऊ द्या, मागून येणाऱ्या सपाट हवेत उचला. तरीही ती जोरात आली तर तिच्याकडे चार पावलं चालत जा, ओढ तिथेच मरते. वाकडी उठली तर विरुद्ध ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) खेचत बसण्यापेक्षा तिच्या मध्याखाली सरका. डोक्यावर आली की दोन सेकंद तिला तिथे धरून बघा, दोऱ्या मोकळ्या आहेत का, दोन्ही टोकं भरलीत का. मगच वळा आणि थ्रॉटल द्या.

सोडून द्यायची वेळ आली तर क्रम पाठ हवा. आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करणारं बटण, मग मागचे रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) दोन्ही हातांनी पोटाशी. उलटा क्रम केलात आणि ओढले गेलात तर केज, म्हणजे पंख्याभोवतीचा पिंजरा, वाकते आणि फिरता प्रॉप (पंखा) दोऱ्या खातो. दोन प्रयत्न फसले तर त्या दिवशी तिसरा नाही, हा माझा नियम. पाठीवर तीस किलो घेऊन दोनदा धावलेला माणूस दमलेला असतो, आणि दमलेल्या माणसाला वारा नेहमी बरा वाटतो.

वर गेल्यावर पहिला गोल

सरळ पन्नास मीटर चढल्याशिवाय वळू नका. शंभर-दीडशे मीटरवर पोचलात की थ्रॉटल आणि ब्रेक न बदलता एक सावकाश गोल घ्या आणि फोनच्या जीपीएसवर जमिनीच्या तुलनेतला वेग बघा. समजा एका दिशेला तो ५८ दिसला आणि बरोबर उलट्या दिशेला १८. दोन्हींची वजाबाकी करून निम्मं, म्हणजे वारा २०. बेरीज करून निम्मं, म्हणजे विंगचा वेग ३८. शाळेतलं होडी आणि प्रवाहाचं गणित. ज्या दिशेला १८ दिसला तिकडून वारा येतोय.

आता फिरायला आधी त्याच दिशेला जा, वाऱ्याच्या तोंडावर. परतताना तो पाठीशी असेल, इंजिन कुरकुरलं तरी मैदान गाठता येईल. उलट केलंत तर जाताना दहा मिनिटांत सहज नऊ-दहा किलोमीटर निघून जातात आणि परतताना तेवढ्यालाच अर्धा तास लागतो, तोही वारा वाढला नाही तर.

दर दहा मिनिटांनी हा गोल पुन्हा. तोंडावरचा वेग १८ वरून १२ झाला, तर वारा ६ ने वाढला. तिथूनच परत फिरायचं, पवनेचं पाणी कितीही सुंदर चमकत असो.

हे मला उशिरा कळलं. एका फेब्रुवारीत सव्वासातला उडालो. सव्वाआठला वाऱ्याकडे तोंड केल्यावर २४ दिसले, मी खूश. पंधरा मिनिटांनी १६. वाटलं, ट्रिमर (विंगचा वेग कमी-जास्त करणारे रायझरवरचे पट्टे) नीट नसेल. पावणेनऊला ९. पायाखाली ज्वारीच्या एका ताटव्याचा बांध होता. तो माझ्या बुटांच्या टोकाशी इतका वेळ रेंगाळला की त्यावर बसलेले दोन बगळे मी मोजले. मैदान दोन किलोमीटरवर होतं. तेवढ्यात शहाणपण सुचून जवळच्या एखाद्या मोठ्या शेतात उतरलो असतो तर काहीच घडलं नसतं. पण गाडी मैदानावर, चहा मैदानावर. पोचलो, आणि निलगिरीच्या रांगेमागच्या त्या ऐंशी मीटरमध्येच उतरलो. शेवटचे चार मीटर विंग डोक्यावर नव्हतीच. प्रॉप गेला, केजच्या दोन नळ्या गेल्या, आणि डावा गुडघा अजून जिने मोजतो.

तर अशा वेळी काय करायचं? उंची कमी करा, कारण खाली वारा बहुधा कमी असतो, पण झाडं-तारांच्या वर भरपूर अंतर राखून. हवा गुळगुळीत असेल आणि तुमच्या विंगला चालत असेल तर ट्रिमर सोडून वेग वाढवा. तरीही जागेवरच लटकलात तर मैदानाचा हट्ट सोडा. वाऱ्याकडे तोंड ठेवूनच, खांद्यावरून मागे बघत, मोठं मोकळं शेत निवडा. टेकडीच्या मागे ढकलले जाणार असाल तर बाजूला सरकत आधी तिच्या सावलीतून बाहेर पडा.

हवा उसळायला लागली तर

हात कानांच्या उंचीला, ब्रेकवर हाताच्या वजनाएवढा ताण, थ्रॉटल मध्यम आणि स्थिर. विंग पुढे झेपावली तर ब्रेक थोडा जास्त, मागे रेलली तर हात वर. पूर्ण थ्रॉटल देऊन ‘वर पळून जाऊ’ हा मोह टाळा, त्याने विंग मागे रेलते आणि प्रॉपच्या उलट्या पिळाने वळायलाही लागते. रिफ्लेक्स विंगचं, म्हणजे ट्रिमर उघडून वेगात स्थिर राहील अशा घडणीच्या विंगचं, शास्त्र वेगळं. तिचे ट्रिमर उघडे असताना मुख्य ब्रेक ओढायचे नसतात, टोकाच्या स्टिअरिंगनेच वळायचं. ब्रेकने तिची स्थिरताच जाते. आपल्या विंगची पुस्तिका घरी दोनदा वाचा.

एक बाजू मिटली तर आधी थ्रॉटल सोडा, वजन उघड्या बाजूला टाका, त्या बाजूचा थोडा ब्रेक देऊन दिशा सांभाळा. दिशा सावरली की मिटलेली बाजू लांब ब्रेकने उघडा. गिरक्या सुरू झाल्या आणि उंची थोडी उरली असेल तर विचार न करता रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, फेका. हे वाचून हातात येत नाही, पाण्यावरच्या एसआयव्ही प्रशिक्षणात येतं, जिथे विंग मुद्दाम मिटवून सावरायला शिकवतात.

वळवाचे दिवस

एप्रिल-मेमध्ये सगळं लवकर घडतं. सूर्य सव्वासहाला वर आलेला असतो, आठला हवा उकळायला लागते. संध्याकाळी उडावं म्हटलं तर सह्याद्री ओलांडून पश्चिमेचा गार वारा येतो, पुणेकरांना सुखावणारा तोच. तो हळूहळू येईलच असं नाही. अचानक गारवा लागला आणि वारा पश्चिमेला फिरला की खाली या.

त्याहून वाईट म्हणजे वळवाचा ढग. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसला तर तो वीस-पंचवीस किलोमीटर दूर असला तरी उडू नका. त्यातून कोसळलेली गार हवा जमिनीवरून ढगाच्या कितीतरी पुढे धावते. वरून ती धुळीच्या भिंतीसारखी दिसते. भिंत दिसेपर्यंत हवेत असाल तर मैदान-गाडी विसरून पायाखालच्या मोकळ्या शेतात उतरा, विंग गोळा करून तिच्यावर बसा.

उतरणं

निघताना वारा पूर्वेचा होता म्हणजे आताही आहे, असं धरू नका. वरून वाचण्यासारखं पुष्कळ असतं: धूर, देवळाचा झेंडा, उसाच्या पात्यांचा कल, वाळत घातलेले कपडे. धरणाच्या पाण्यावर ज्या काठाशी सपाट, आरशासारखा पट्टा असतो, त्या काठाकडून वारा येतोय.

जमिनीजवळ वारा मंद असतो, आणि नवखे नेमके इथेच आपटतात. तीस मीटरवर समोरून १८ चा वारा आहे, जमिनीवर ८ चा. खाली येताना तो आधार झपाट्याने कमी होतो, विंगचा हवेतला वेग घटतो आणि ती पुढे झेपावते. म्हणून ब्रेक लावत-लावत उतरू नका. हात वर ठेवा, वेग राखा, आणि शेवटच्या मीटरभरात ब्रेक द्या. वारा बऱ्यापैकी असेल तर अर्धा ब्रेकही पुरतो. पाय टेकताक्षणी विंगकडे वळा आणि मागचे रायझर ओढा.

तीस मीटरच्या खाली मोठं वळण नाही. शेवटच्या क्षणी वारा बाजूने आला तर आडवाच उतरा. आडवा उतरलेला घसरतो, ढोपरं सोलतात. खाली वळायला गेलेला खांद्यावर पडतो. वाऱ्याच्या दिशेने जाताना जमीन भराभर पळते आणि फार वेगात आहोत असं वाटून हात आपोआप ब्रेक ओढतात. तो वेग जमिनीचा असतो. विंगला हवेतला वेग लागतो, आणि तो तुम्ही नेमका मारत असता.

इंजिन कधी बंद करायचं यावर क्लबात वाद घाला, संध्याकाळ जाते. बदलत्या हवेत मी ते दहा-बारा मीटरपर्यंत नुसतं चालू ठेवतो, म्हणजे नको वाटलं तर पुन्हा वर जाता येतं, मग किल स्विच. उड्डाणं कमी असतील तर प्रशिक्षकाने शिकवलंय तसंच करा.

कोकणातल्या वाळूवर

किनाऱ्यावरची हवा देशावरच्या मानाने गुळगुळीत. भूगोलात पाठ केलेलं इथे कामाला येतं: दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री ते पहाटे मतलई वारे जमिनीकडून. म्हणजे पहाटेच्या मऊ वाऱ्यात उडालात तर तो तुम्हाला हळूच समुद्रावर नेतोय. इंजिन बंद पडल्यावर स्थिर हवेत शंभर मीटर उंचीतून सहाएकशे मीटर अंतर कापता येतं. समोरून २० चा वारा असेल तर ते निम्म्याहून कमी होतं. तेव्हा पाण्यावर जायचंच असेल तर या हिशेबाने वाळू गाठता येईल एवढंच जा, आणि आपोआप फुगणारं जॅकेट अंगावर असू द्या. या खेळात माणसं बुडूनही जातात, अगदी गुडघाभर लाटेतसुद्धा, कारण इंजिनाखाली तोंड पाण्यात राहतं. बकल सोडण्याचा सराव घरी डोळे मिटून करा.

वही

गाडीत बसण्याआधी पाच ओळी: काल अ‍ॅपने काय सांगितलं, मैदानावर कमाल-किमान किती, पहिल्या गोलात वारा किती, तो कितीला बदलला, कुठल्या दिशेला फिरला. न उडता परतलात त्या दिवसाचीही नोंद करा, मैदानात थांबून झेंडा कितीला जागा होतो ते बघा. तीस-चाळीस नोंदी झाल्या की आपल्या मैदानाची वेळ कळते. माझ्या वहीत माझ्या शेताला जानेवारीत आठ चाळीस लागले आहेत, मार्चच्या अखेरीस आठ पाच. परवा आठला उतरून विंग घडी करत होतो, तेव्हा बांधावरची फीत पहिल्यांदा हलली.